न्यायमूर्ती रानडे आणि पुण्याचा मंडप

दादरला टिळकांच्या नावाचा पूल आहे. तो उतरून पश्चिमेला आले की थोड्याच अंतरात रानडे, गोखले आणि न. चिं. केळकर या तिघांच्या नावांचे रस्ते भेटतात. संध्याकाळी भाजीची पिशवी सांभाळत आणि फेरीवाल्यांमधून वाट काढत घरी परतणाऱ्या माणसाला या नावांचा विचार करण्यास सवड नसते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परंतु महापालिकेने जी नावे इतक्या शेजारधर्माने एकत्र नांदवली आहेत, ती माणसे आपल्या हयातीत इतक्या सलोख्याने शेजारी बसली नव्हती. १८९५ च्या डिसेंबरात पुण्यामध्ये, एका मंडपात कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये या प्रश्नावरून, त्यांच्यात जी फूट पडली तिचे पडसाद महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात पुढे कितीतरी वर्षे उमटत राहिले.

या जुन्या वादाची आठवण होण्यास निमित्त ताजे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने फादर स्टॅन स्वामी यांच्या स्मरणार्थ योजलेले व्याख्यान एका विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतल्यानंतर रद्द केले. त्याआधी २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी एका विद्यार्थ्याच्या तक्रारीवरून अभ्यासक्रमातून काढून टाकली होती. हे लोण केवळ आपल्याकडचे नाही, आणि एकाच विचाराच्या लोकांचेही नाही. २०१४ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात इराक युद्धाच्या विरोधात असलेल्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी आवाज उठवल्यावर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी पदवीदान समारंभाचे भाषण करण्यास नकार कळवला. पाहुण्या वक्त्याला येऊ न देणे हा विद्यार्थी चळवळीचा एक नित्याचा कार्यक्रम होऊन बसला आहे. ही आजच्या पिढीची असहिष्णुता आहे असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना आपल्याच प्रांताचा इतिहास ठाऊक नसावा. बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे जेवढे प्रकार आहेत, त्यांपैकी बहुतेक सर्व एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचे उदाहरण हवे असेल, तर महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र उघडावे.

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे रानडे यांचा जन्म झाला. वडील नोकरीनिमित्त कोल्हापुरास गेल्याने बालपण तेथे गेले, आणि १८५६ मध्ये हा मुखदुर्बळ, अवजड अंगाचा मुलगा इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतरच्या वर्षी व्हायची होती. विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे १८५९ साली, रानडे उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली जे चार तरुण या विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले त्यांत ते होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे उरलेले तिघे. रानडे यांचे वाचन इतके अफाट होते की त्यापायी त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. पुढे आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी त्यांच्यावर वारंवार आली.

याच विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आहे. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलचे नामांकित अभ्यासक. त्यांच्याकडे रानडे यांनी एक निबंध लिहून दिला. विषय राज्यकारभाराचा होता आणि त्यात मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना करून पारडे मराठ्यांच्या बाजूला झुकवलेले होते. सत्तावनच्या उठावाला तेव्हा फार वर्षे लोटलेली नव्हती. ग्रँट यांनी विद्यार्थ्याला बोलावून समज दिली. जे सरकार तुला शिकवते आहे त्याचीच निंदा करणे योग्य नव्हे, असा त्या समजेचा आशय होता. एवढ्यावर न थांबता त्यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

सहा महिन्यांची शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे ज्या विद्यार्थ्याची खाणावळ त्यावर चालते त्यालाच समजेल. तरीही या शिक्षेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. ग्रँट यांनी निबंध वाचला होता. तो वाचून, न पटून आणि कदाचित थोडे घाबरूनही, त्यांनी आपल्या अधिकारात आणि आपल्या नावाने शिक्षा दिली. ती अन्यायाची होती, परंतु ती कोणी केली आणि कशासाठी केली याबद्दल संदिग्धता नव्हती. रानडे यांचा ग्रँट यांच्याविषयीचा आदर पुढेही टिकला. ग्रँट १८६८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख होऊन मायदेशी गेले, आणि त्याच सुमारास रानडे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक म्हणून उभे राहिले. मधल्या काळात ते एम.ए. आणि कायद्याचे पदवीधर झाले होते व इंदुप्रकाशच्या इंग्रजी स्तंभांतून विधवाविवाहाचा कैवार घेत होते. गिरगावातील प्रार्थना समाज १८६७ मध्ये स्थापन झाला. त्याच्या धुरीणांत भांडारकरांबरोबर रानडे लवकरच अग्रभागी आले.

१८७१ साली न्यायखात्यात नेमणूक होऊन ते पुण्यास गेले. नुकत्याच स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेला सार्वजनिक काकांच्या जोडीने त्यांनी जो आकार दिला, तो सर्वपरिचित आहे. कमी बोलली जाते ती १८७३ मधली गोष्ट. पहिली पत्नी वारल्यावर महिना-दोन महिन्यांतच, एकतीस वर्षांच्या या विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ती मुलगी म्हणजे पुढे सेवासदनमुळे आणि आपल्या आठवणींमुळे प्रसिद्ध झालेल्या रमाबाई. त्या संसाराचे पुढे जे सोने झाले त्यामुळे मूळची तडजोड पुसली जात नाही. विरोधकांनी ती कधी पुसू दिलीही नाही. घरातील वडील माणसापुढे ज्याला नाही म्हणवत नाही त्याने समाजापुढे काय बोलावे, हा टोमणा रानडे यांना जन्मभर ऐकावा लागला, आणि त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

पुण्यातील त्यांचे एक कार्य मात्र या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. १८७५ साली त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कोर्टकचेऱ्यांना आणि शाळांना सुटी असताना, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, पैसे देऊन नव्हे तर केवळ कुतूहल म्हणून लोकांनी एकत्र यावे व कोणाचे तरी विचार तासभर ऐकावेत ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी कीर्तन आणि पुराण यांखेरीज ऐकण्याची सवय नव्हती, आणि कीर्तनकाराला कोणी उलट प्रश्न करीत नसे. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याचेही शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग विचारायचे, ही शिस्त शाळेत शिकवता येत नाही. ती सभागृहात बसूनच अंगी बाणते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या शिस्तीची कसोटी लागली. स्वामी दयानंद सरस्वतींनी एप्रिलमध्ये गिरगावात आर्य समाजाची स्थापना केली होती. रानडे व त्यांच्या मित्रांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले आणि त्यांची व्याख्याने करविली. मूर्तिपूजेला शास्त्राचा आधार नाही असे संस्कृत पंडितानेच वेदांच्या आधारे सांगावे, हे पुण्याच्या सनातनी मंडळींना मिशनऱ्यांच्या टीकेपेक्षा जास्त झोंबले. व्याख्याने संपल्यावर स्वामींची मिरवणूक निघायची होती. तिला शह देण्यासाठी विरोधकांनी एका गाढवाला सजवून गर्दभानंदाचार्यांची मिरवणूक काढली. मुख्य मिरवणुकीवर चिखल उडाला, दगडही आले. रानडे त्या मिरवणुकीत पायी चालत होते. कपडे चिखलाने माखले असतानाही ते सरकारी न्यायाधीश असल्याचा आव आणून बाजूला झाले नाहीत, आणि घरी आल्यावर जणू विशेष काही घडले नाही अशा थाटात त्यांनी कपडे बदलले.

या मिरवणुकीला संरक्षण देण्यास जी मंडळी पुढे आली त्यांत महात्मा फुले आणि त्यांचे सत्यशोधक अनुयायी होते. वेदांचे प्रामाण्यच न मानणाऱ्या फुल्यांनी वेदांच्या प्रचारकाच्या मिरवणुकीत का चालावे, असा प्रश्न पडेल. दयानंदांचे म्हणणे फुल्यांना पटले होते म्हणून ते चालले, असे मानण्यास आधार नाही. पाहुण्याला रस्त्यात अडवू पाहणारे कोण आहेत हे त्यांनी ओळखले होते. दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, रानडे यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांना पाठवले तेव्हा त्यांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांची ज्यांना फिकीर नाही अशा ग्रंथकारांच्या मेळाव्यात आपले काम नाही, असे त्यांनी पत्राने कळवले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. न पटणाऱ्या व्यासपीठावर न जाणे हा फुल्यांचा हक्क होता आणि त्यांनी तो बजावला. मात्र ती सभाच होऊ नये म्हणून ते दगड घेऊन गेले नाहीत. आजचा जो विद्यार्थी न पटणाऱ्या वक्त्याच्या व्याख्यानाकडे पाठ फिरवतो, किंवा दाराबाहेर फलक धरून उभा राहतो, तो फुल्यांच्या वाटेवर आहे. दरवाजाला कुलूप लावण्याची मागणी करणाऱ्याला ती वाट आपली म्हणता येणार नाही.

सरकारचा संशय आणि लोकांचा राग हे दोन्ही रानडे यांच्या वाट्याला आळीपाळीने येत गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत पुण्यातील सरकारी वाड्यांना आगी लागल्या, तेव्हा संशयाची सुई थेट या न्यायाधीशाकडे वळली. त्यांना धुळ्यास हलवण्यात आले आणि त्यांची पत्रे फोडून वाचली जाऊ लागली. काही महिन्यांनी संशय फिटला. तेरा वर्षांनंतर, १८९२ मध्ये, याच सरकारच्या डेक्कन कॉलेजात उभे राहून त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावरचे ते प्रसिद्ध व्याख्यान दिले. इंग्लंडात तयार झालेले खुल्या व्यापाराचे सिद्धांत हे निसर्गनियमांप्रमाणे सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू पडत नाहीत, मागासलेल्या देशात राज्यसंस्थेला उद्योगधंद्यांसाठी पुढाकार घ्यावाच लागेल, असे त्यांनी मांडले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्ट यांच्या विचारांचा आधार घेतलेला हा युक्तिवाद म्हणजे साम्राज्याच्या अधिकृत आर्थिक धोरणाच्या मुळावरचा घाव होता, आणि तो सरकारी नोकरीतल्या माणसाने सरकारी महाविद्यालयात घातला. कोणाची शिष्यवृत्ती बंद झाली नाही. भारतीय अर्थशास्त्र नावाचा जो विषय आज महाविद्यालयांत शिकवला जातो त्याची सुरुवात बहुधा या व्याख्यानापासून केली जाते. ते त्या दिवशी रद्द झाले असते तर काय झाले असते, हा विचार पाठ्यपुस्तके पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पाठ करविणाऱ्या प्राध्यापकांनी अधूनमधून करण्यास हरकत नाही.

मात्र नव्वदीच्या दशकात पुण्याचे वातावरण वेगाने तापत चालले होते. १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतल्याचे निमित्त होऊन ग्रामण्याचा जो गाजावाजा झाला, त्यात रानडे होते आणि टिळकही होते. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून दोन तट पडले. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर न्यावे एवढाच तो प्रस्ताव होता. त्याला पाठिंबा देण्यासाठी पुण्यात क्रीडाभुवनात भरलेली सुधारकांची सभा उधळून लावण्यात आली. पुढच्या वर्षी चहाच्या प्रकरणात रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. बरोबरच्या मित्रांची कुटुंबे बहिष्काराने पोळत होती, त्यांची सुटका व्हावी म्हणून घेतले असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु गोपाळ गणेश आगरकरांसारख्या माणसाला ते सहन होणे शक्य नव्हते. जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहणाऱ्या आगरकरांना असल्या सामोपचाराची किंमत कोणापेक्षाही चांगली कळत होती.

नोव्हेंबर १८९३ मध्ये, तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी, रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि पुण्याचा मुक्काम हलवून मुंबईस आले. आणि दोन वर्षांनी काँग्रेसचे अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले.

येथे थोडा तपशील सांगितला पाहिजे. रानडे यांनी १८८७ साली मद्रास येथे सामाजिक परिषदेची सुरुवात केली होती. दरवर्षी काँग्रेसचे अधिवेशन जेथे भरे तेथेच, ते आटोपल्यावर, त्याच मंडपात ही परिषद भरे. देशभरचे प्रतिनिधी आलेलेच असत. वेगळा खर्च नाही, वेगळा प्रवास नाही. त्यामुळे राजकीय हक्क मागणाऱ्या माणसाला घरातल्या विधवेबद्दल आणि गावकुसाबाहेरच्या माणसाबद्दलही काही ऐकावे लागे. पुण्यात याच व्यवस्थेला हरकत घेण्यात आली. टिळक स्वागत समितीच्या चिटणीसांपैकी एक होते. त्यांच्या बाजूचे म्हणणे असे होते की काँग्रेस ही सर्वांची आहे, तिच्यासाठी वर्गणी सनातन्यांनीही दिली आहे, आणि ज्यांच्या पैशाने मंडप उभा राहिला त्यांच्या श्रद्धेवर घाव घालण्यासाठी तो वापरू देणे योग्य नाही. शिवाय सामाजिक प्रश्नांवरून फूट पडली तर राजकीय एकजूट मोडेल. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. आमच्या शुल्काच्या पैशातून अमक्या वक्त्याला बोलावू नका, असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा ते कळत-नकळत १८९५ च्या पुण्याचेच बोलणे बोलत असतात.

परंतु वाद युक्तिवादाच्या पातळीवर राहिला नाही. सभा झाल्या, त्या मोडल्या गेल्या, चिटणीसपद टिळकांनी सोडले. विरोधी गटातल्या काही उत्साही मंडळींकडून, परिषद येथे भरली तर मंडप जाळून टाकू, अशी धमकी आली. त्या वर्षी जूनमध्येच आगरकर वारले होते, आणि जुलैमध्ये सार्वजनिक सभा रानडे यांच्या अनुयायांच्या हातून गेली होती. ज्या गावाला त्यांनी वीस वर्षे ऐकण्याची सवय लावली, त्याच गावात त्यांना ऐकू न देण्याचा निर्धार लोकांनी केला होता.

रानडे यांनी स्वतःहून कळवले की परिषद काँग्रेसच्या मंडपात भरणार नाही. काँग्रेसचे अधिवेशन सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली निर्विघ्न पार पडले.

या माघारीचा अर्थ कसा लावावा, यावर त्या वेळीही दोन मते होती. शहाणपण म्हणावे की कच खाणे म्हणावे? रानडे यांना काँग्रेस मोडू द्यायची नव्हती. मंडपाला खरोखरच आग लागली असती तर देशभरातून आलेल्या प्रतिनिधींचे काय झाले असते, हा विचार न्यायाधीशाच्या मनात येणे स्वाभाविक होते. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. धमकी देणाऱ्याला धमकीचा खर्च काहीच येत नाही. सारा खर्च यजमानाच्या माथी पडतो. बंदोबस्त त्याने करायचा, काही घडले तर जबाब त्याने द्यायचा. अशा स्थितीत कार्यक्रम रद्द करणे हाच यजमानाला सर्वांत स्वस्त मार्ग वाटतो, आणि एकदा तो स्वस्त ठरला की पुढच्या वेळी धमकी देणाऱ्यांची संख्या वाढते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजावे. प्राचार्य, कुलगुरू आणि स्वागत समित्या यांना ते समजत नाही असे नव्हे. ज्याने अद्याप तोंडही उघडलेले नाही अशा वक्त्याचे म्हणणे बरोबर की चूक, या प्रश्नाला अशा वेळी कोणी हातच लावत नाही. ग्रँट यांनी निबंध निदान वाचला होता. मंडप जाळायला निघालेल्यांपैकी कितीजणांनी परिषदेचे ठराव वाचले असतील?

आणखी एका पक्षाचा विचार या वादात कोणीच केला नाही. तो पक्ष श्रोत्यांचा. लाहोरहून, मद्रासहून, कलकत्त्याहून आलेल्या ज्या प्रतिनिधींना रानडे यांचे ऐकायचे होते, त्यांनी ते ऐकावे की नाही हे पुण्याच्या चार पेठांतील मंडळींनी ठरवावे याला आधार काय? व्याख्यान बंद पडते तेव्हा वक्त्याचे फार नुकसान होत नाही. त्याला दुसरीकडे बोलता येते, उलट त्याचे नाव होते. नुकसान होते ते दुसऱ्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याचे, ज्याचे मत अजून बनलेले नाही.

तरीही रानडे यांनी मंडप सोडला, परिषद सोडली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. तिला जागा मिळाली ती फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात. हे महाविद्यालय ज्या संस्थेचे, त्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत टिळकांचाच हात होता. मतभेदांमुळे १८९० मध्ये ते बाहेर पडले. आगरकर मृत्यूपर्यंत तेथे प्राचार्य होते आणि गोखले तेथे शिकवत होते. त्या आवारात ठरलेल्या दिवसांत परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भांडारकर होते. १८६२ च्या चार पदवीधरांपैकी दोघे, तेहतीस वर्षांनंतर, गावाने नाकारल्यावर एका महाविद्यालयाच्या मोकळ्या जागेत उभे राहून आपले म्हणणे मांडत होते. श्रोत्यांची गर्दी चांगली झाली. राजकीय पक्षाला जे झेपले नाही ते एका महाविद्यालयाला झेपले. सरकारच्या आणि शहराच्या, दोघांच्याही रागाची झळ लागू शकेल अशा नव्या संस्थेने आपले फाटक उघडे ठेवले. महाविद्यालयाचे आवार कशासाठी असते या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर शोधण्यासाठी परदेशी विद्यापीठांचे अहवाल चाळण्याची गरज नाही.

पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, सार्वजनिक सभेतून बाहेर पडलेल्या मंडळींसाठी रानडे यांनी डेक्कन सभा स्थापन केली. टिळकांवर १८९७ मध्ये केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला तो मुंबई उच्च न्यायालयातच. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे तो चालला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच न्यायालयात रानडे न्यायमूर्ती होते, पण त्या खटल्याशी त्यांचा संबंध नव्हता. १८९५ मध्ये दुसऱ्याला मंडप नाकारणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याला दोनच वर्षांत आपल्या शब्दांसाठी तुरुंगात जावे लागले. १९०८ मध्ये पुन्हा शिक्षा झाली तेव्हा परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. तो संप पाहण्यास रानडे नव्हते. पण तोंड बंद करण्याची पद्धत एकदा रूढ झाली की तिचा वापर कोणाविरुद्ध होईल हे ती रूढ करणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे लालबागच्या गिरणी कामगाराला पुण्याच्या पुढाऱ्यांइतकेच कळले असावे.

न्यायालयाच्या कामातून उरलेला वेळ रानडे यांनी अखेरच्या वर्षांत दोन गोष्टींना दिला. विद्यापीठात मराठीला आणि इतर देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून ते सिंडिकेटमध्ये चिकाटीने भांडत राहिले. आणि १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिवाजी महाराजांचे राज्य हा लुटारूंचा खेळ नव्हता, त्यामागे संतांनी घडवलेली लोकजागृती होती, असे त्यात त्यांनी साधार मांडले. ज्या विषयावर लिहिल्याबद्दल एल्फिन्स्टनच्या मुलाची शिष्यवृत्ती बंद झाली होती, तो विषय त्याने चाळीस वर्षे मनात बाळगला होता. ग्रँट तेव्हा हयात नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सामाजिक परिषद लाहोरला होती. रानडे निघण्याच्या तयारीत होते, पण हृदयविकाराने अंथरूण धरले. परिषद सुरू झाल्यापासून ते गेले नाहीत असे हे पहिलेच वर्ष. वसिष्ठ आणि विश्वामित्र यांच्या कथेवरून लिहिलेले आपले भाषण त्यांनी गोखले यांच्याबरोबर पाठवले आणि गोखले यांनी ते लाहोरला वाचून दाखवले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे यांचे निधन झाले. केसरीत टिळकांनी मृत्युलेख लिहिला. निपचित पडलेल्या महाराष्ट्रात जिवंतपणा आणण्याचे श्रेय त्यांनी त्यात रानडे यांना मोकळ्या मनाने दिले. मंडपाच्या वादाला तेव्हा पाच वर्षे झाली होती.